चाकं बदलली, गाडी रुसली!

नवी अलॉय बसली. टायरही आधीपेक्षा रुंद. दुकानासमोर गाडी तिरकी उभी करून फोटो झाला, स्टेटसला लागला, चुलतभावाचा 'कडक भौ!' असा रिप्लायही आला. आणि बडनेरा मागे टाकून अकोला रस्त्याला लागलात न लागलात, तोच डॅशबोर्डवर एक पिवळी बत्ती लुकलुकायला लागली. घोड्याच्या नालेसारखा आकार, मध्ये उद्गारचिन्ह. जणू गाडीच विचारतेय, "हे कोण नवीन?"

टायरवाल्याला फोन केला तर तो म्हणतो, "काही नाही भौ, हवा बराबर भरून देली हाये. सेन्सरचा लोचा असन. चालू द्या तसंच." शोरूमवाले म्हणतात, "गाडी घेऊन या, बघू." सगळ्यात तत्पर असतं ते शॉपिंगचं अॅप. 'टीपीएमएस प्रोग्रॅमिंग टूल, ऑफर फक्त आजच!' बोट बटणावर जातंच.

जरा थांबा. ते टूल घ्यावं का, घ्यायचंच तर कोणतं आणि मुळात ते कोणी घ्यायचं, हा या आठवड्याचा विषय.

आधी बत्तीची भाषा

टीपीएमएस म्हणजे टायरमधल्या हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा. तिची बत्ती दोन गोष्टी सांगते. गाडी सुरू केल्यावर ती सरळ लागून राहिली तर कुठल्या तरी टायरमध्ये हवा कमी आहे. आधी मिनिटभर लुकलुकली आणि मग लागून राहिली, तर बहुतेक गाड्यांत त्याचा अर्थ वेगळा असतो. यंत्रणेतच गडबड आहे, एखादा सेन्सर सापडत नाहीये किंवा बंद पडलाय. चाकं बदलल्यावर दिसते ती बहुधा ही दुसरी बत्ती. म्हणजे टायरवाला अर्धा बरोबर आहे, लोचा सेन्सरचाच आहे. 'चालू द्या तसंच' हा अर्धा भाग मात्र चूक. कारण बत्ती कायमची लागून राहिली की उद्या खरंच हवा कमी झाली तरी तुम्हाला कळणार कसं?

ही यंत्रणा जन्मली तीच अपघातांतून. फायरस्टोनचे टायर निकामी होऊन फोर्ड एक्सप्लोरर गाड्या उलटण्याचे प्रकार अमेरिकेत गाजले, त्यावर २००० मध्ये तिथे कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून तिथल्या प्रत्येक नव्या कारमध्ये टीपीएमएस सक्तीचं झालं. युरोपात सगळ्या नव्या गाड्यांना ते नोव्हेंबर २०१४ पासून लागू झालं. आपल्याकडे जुलै २०२० मध्ये नियमांत बदल झाला तो वेगळ्या वाटेने. ट्यूबलेस टायर, टीपीएमएस आणि पंक्चर किट असेल तर कारमध्ये स्टेपनी नसली तरी चालेल, अशी सवलत मिळाली. सगळ्यांना सक्ती नाही, पण वरच्या व्हेरियंटमध्ये ही बत्ती आली आणि आता ती आपल्या गल्लीतल्या गाड्यांतही आहे.

तुमची गाडी कुठल्या जातीची?

टूलचा विचार करण्याआधी हे तपासा, कारण निम्म्या लोकांचा खर्च इथेच वाचतो.

पहिली जात 'इनडायरेक्ट'. हिच्या चाकात सेन्सर नसतोच! हवा कमी झाली की टायर किंचित बसतो आणि त्याचं चाक इतरांपेक्षा जरा जास्त वेगाने फिरतं. एबीएसचे सेन्सर हा फरक हेरतात. टाटाच्या ब्रोशरमध्ये 'आयटीपीएमएस' लिहिलेलं दिसतं, ते हेच. कुशाक, टायगुन या गाड्यांतही हीच पद्धत आहे. इथे प्रोग्रॅम करायला काही नाही, म्हणून टूलही नाही. चाकं बदला, हवा नीट भरा आणि मेनूमध्ये जाऊन रीसेट करा. झालं!

दुसरी जात 'डायरेक्ट'. क्रेटा, सेल्टॉस यांच्या वरच्या व्हेरियंटमध्ये स्क्रीनवर चारही चाकांचे वेगवेगळे आकडे दिसतात, ती ही. प्रत्येक चाकात, व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला, एक छोटा सेन्सर असतो. तो हवेचा दाब आणि तापमान मोजतो आणि रेडिओवरून गाडीला कळवतो. प्रत्येक सेन्सरचा स्वतःचा नंबर असतो, मोबाइलच्या सिमसारखा. गाडीने फक्त चार नंबर सेव्ह केलेले असतात. नवीन अलॉयमध्ये दुसरे सेन्सर आले की गाडीला अनोळखी नंबर. सेन्सर बसवलेच नाहीत, तर चारही नंबर नॉट रिचेबल!

आणखी एक गंमत. या सेन्सरची बॅटरी आत सीलबंद असते, बदलता येत नाही. तिचं आयुष्य साधारण पाच ते दहा वर्षं. म्हणजे २०१९-२० मध्ये हौसेने घेतलेल्या गाड्यांचे सेन्सर आता एकेक करून मान टाकायच्या वयात आलेत. चाकं न बदलताही हा प्रश्न तुमच्या दारात येणार आहे.

टूल नेमकं करतं काय?

चार कामं. टूल विकत घेताना प्रत्येकाची वेगळी चौकशी करा, कारण स्वस्तातल्या टूलमध्ये बहुधा पहिलं काम तेवढं असतं.

एक, जागं करणं. उभ्या गाडीतला सेन्सर झोपलेला असतो. टूल व्हॉल्व्हजवळ धरलं की तो उठून बोलायला लागतो.

दोन, वाचणं. त्याचा नंबर, दाब, तापमान, बॅटरीची अवस्था.

तीन, लिहिणं. बाजारात कोरे 'युनिव्हर्सल' सेन्सर मिळतात. त्यांच्यात तुमच्या गाडीची भाषा आणि नंबर भरणं. खरं प्रोग्रॅमिंग हेच.

चार, ओळख करून देणं, म्हणजे 'रिलर्न'. नवे चार नंबर गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये सेव्ह करणं. काही गाड्या थोडं अंतर चालवलं की आपणहून नवीन सेन्सर ओळखतात. काहींना मात्र स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये टूल लावून सांगावं लागतं. तुमची कुठल्या प्रकारची आहे हे टूल घेण्याआधी शोरूममधून कळवून घ्या. आपणहून शिकणारी असेल, तर ओबीडीवालं महाग टूल कशाला?

फसायच्या तीन जागा

पहिली जागा, ते हजार-दोन हजारांचं चिमुकलं टूल. ऑनलाइन 'टीपीएमएस टूल' शोधलं की ईएल-५०४४८ नावाचं, एका बटणाचं यंत्र हमखास पुढे येतं. यंत्र खोटं नाही, पण ते जनरल मोटर्सच्या गाड्यांसाठी आहे आणि फक्त सेन्सर जागा करतं. जनरल मोटर्सने भारतात गाड्या विकणं २०१७ च्या अखेरीस बंद केलं. तुमच्या कोरियन किंवा जपानी गाडीपुढे ते धरलं, तर बटणावरचा दिवा लागेल. बाकी काही नाही.

दुसरी जागा, अमेरिकेतला दादा. "येताना चार सेन्सर घेऊन ये ना, तिकडे स्वस्त मिळतात." तिकडचे सेन्सर बरेचदा ३१५ मेगाहर्ट्झवर बोलतात, आपल्याकडच्या गाड्या ४३३ वर ऐकतात. एकाच गाडीचं एकच मॉडेल असलं तरीही. दादाला चॉकलेटंच आणू द्या.

तिसरी जागा, 'सर्व गाड्यांना चालतं' हा शिक्का. ऑटेल, फॉक्सवेलसारख्या कंपन्यांची टूल्स या कामात नावाजलेली आहेत, पण त्यांच्या यादीत तुमची गाडी 'इंडिया' या नावाखाली, तुमच्या वर्षासह आहे का ते बघा. युरोपातलं त्याच नावाचं मॉडेल वेगळं असू शकतं. अपडेट किती वर्षं फुकट, हेही विचारा. पुढच्या वर्षी नवीन गाडी आली आणि टूलला ती माहीतच नाही, असं होतं. शिवाय ऑटेलचं टूल ऑटेलचेच कोरे सेन्सर लिहितं, भलत्या कंपनीचे नाही. म्हणजे टूल घेताना तुम्ही त्या कंपनीच्या सेन्सरशीही लग्न लावत असता.

मग घ्यायचं कोणी?

हे टूल घरोघरी घेण्याची चाल आली ती बर्फाच्या देशांतून. स्वीडनमध्ये १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात रस्त्याची अवस्था हिवाळी असेल तर हिवाळी टायर सक्तीचे आहेत. जर्मनीतही बर्फाच्या रस्त्यावर तसेच टायर लागतात. तिथे घरोघरी चाकांचे दोन सेट असतात आणि वर्षातून दोनदा अदलाबदल. अशा माणसाला टूलची किंमत दोन-तीन वर्षांत वसूल होते. आपल्या अमरावती-अकोल्यात वर्षाचे ऋतू तीन, ऊन, जास्त ऊन आणि चिखल, पण टायर तेच! त्यामुळे आपला हिशेब वेगळा.

एक गाडी, चाकांचा एकच सेट? टूल घेऊ नका. जुने सेन्सर चालू असतील तर नवीन अलॉयमध्ये तेच बसवून घ्या. नंबर तेच राहतात. फक्त नवीन रिममध्ये सेन्सर आणि त्याचा व्हॉल्व्ह बसतो का, हे पैसे मोजण्याआधी पाहायला लावा. सेन्सर मेला असेल तर नवीन सेन्सर आणि त्याची ओळख करून देणं, ही एका बैठकीची मजुरी आहे. ती टायरवाल्याला द्या.

दोन सेट? एक ऑफिसला जायला, एक मेळघाटात जायला असा शौक असेल, तरी टूल लागेलच असं नाही. टूल असलेल्या दुकानातून दुसऱ्या सेटमध्ये 'क्लोन' सेन्सर बसवून घ्या. क्लोन म्हणजे पहिल्याच चार नंबरांची नक्कल. गाडीला कळतही नाही की चाकं बदलली. एकदाचा खर्च, पुन्हा कधी बत्ती नाही. पथ्य एकच, दुसरा सेट गाडीजवळ किंवा डिकीत ठेवू नका. एकाच नंबरावरून दोघं बोलायला लागले की गाडी पुन्हा गोंधळते.

टायरचं दुकान, गॅरेज, टॅक्सीचा धंदा किंवा चार गाड्यांचं एकत्र कुटुंब? घ्या, आणि चारही कामं करणारंच घ्या. अमरावती किंवा अकोल्याच्या टायर दुकानदाराने हे टूल घेतलं, तर पुढची पाच वर्षं संपणाऱ्या बॅटऱ्याच त्याला काम देतील. तुमचा टायरवाला ओळखीचा असेल तर त्याला हे जरूर सांगा. अलाइनमेंटचं मशीनही एकेकाळी 'कायले पाह्यजे?' असंच होतं.

आणि गाडीत टीपीएमएस नाहीच? मग व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी लागणारे सेन्सर आणि डॅशबोर्डवर ठेवायचा छोटा स्क्रीन असा किट घ्या. याला प्रोग्रॅमिंग टूल लागत नाही. चाकं बदलली तर टोपी काढून नव्या चाकावर लावायची. जेके टायरने २०२० मध्ये मोबाइलच्या अॅपवर दाब दाखवणारे सेन्सरही आणले. टोपीवाल्या किटमध्ये दोन गोष्टी बघा. रबरी व्हॉल्व्हवर वजन वाढतं म्हणून धातूचा व्हॉल्व्ह बरा, आणि टोपीला लॉक नट हवा. नाहीतर पार्किंगमधून टोप्या जातात!

वऱ्हाडातलं ऊन आणि आकड्यांचा घोळ

आता खरा मुद्दा. टूल कितीही भारी असो, ते हवा भरत नाही. स्क्रीनवरचा आकडा वाचता आला नाही तर सेन्सर उलट नुकसान करतो.

मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ च्या वर गेला आणि जिल्हा प्रशासनाला उन्हापायी कलम १४४ लावावं लागलं, आठवतंय? अशा उन्हात टायरमधली हवा फुगते. ३३ पीएसआय भरलेल्या टायरमध्ये तापमान १० अंशांनी वाढलं की दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांत ३३ भरलेला टायर मेच्या दुपारी ४५ अंशांत नुसता उभा असला तरी साडेअडतीस दाखवेल.

इथेच सगळे चुकतात. समजा, मे महिन्यातल्या सकाळी २९ अंशांत बरोब्बर ३३ भरून तुम्ही निघालात. मूर्तिजापूरला चहाला थांबलात, तोवर टायरमधली हवा ६० अंशांवर गेली आणि स्क्रीनवर दिसलं ३८. "बापरे, फुटतो का काय!" म्हणून हवा काढली, पुन्हा ३३ केली. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरमध्ये किती उरेल? साडेअठ्ठावीस! म्हणजे कमी हवेवर तुम्ही दिवसभर हायवेला. आणि बत्ती? ती गप्प. अमेरिकेच्या नियमात इशारा द्यायची मर्यादा सांगितलेल्या दाबापेक्षा २५ टक्के कमी अशी आहे. ३३ च्या टायरला हा आकडा पावणेपंचवीसच्या आसपास येतो. बत्ती लागेपर्यंत टायरने बरंच सोसलेलं असतं.

'उन्हाळ्यात हवा कमी ठेवा' हा सल्ला आपल्याकडे पानटपरीपासून पेट्रोल पंपापर्यंत मिळतो. तो उलटा आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकली की तापते आणि तापून आतले थर सुटायला लागतात. हायवेवर टायर फुटण्यामागे कमी हवा हे मोठं कारण असतं. कंपनीने दिलेला आकडा थंड टायरचा असतो, उन्हाने आणि धावण्याने वाढणारा दाब त्यात धरलेला असतो. म्हणून हवा सकाळी तपासा, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चालण्याआधी. तापलेल्या टायरची हवा काढू नका.

आणि नायट्रोजन? आपल्या साध्या हवेत तो ७८ टक्के आहेच. भरलात तर हरकत नाही, पण तपासणं त्यानेही चुकत नाही.

रस्ते बदलले, सवय बदलायची आहे

अमरावती-अकोला रस्ता आठवा. खड्ड्यांत गाडी चाळीसच्या वर जायची नाही आणि टायरला हवा कमी असली तरी कळायचं नाही. मग ३ ते ७ जून २०२२ या पाच दिवसांत लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला, गिनेस बुकात नोंद झाली आणि सगळ्या देशाने आपल्या रस्त्याचं नाव घेतलं. त्याच वर्षी ११ डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला, ५ जून २०२५ ला शेवटचा. ७०१ किलोमीटर, कारला वेगमर्यादा १२०. पुण्या-मुंबईत नोकरी करणारी आपली मंडळी आता दिवाळीला याच रस्त्याने घरी येतात. सरळ काँक्रीट, तासन् तास एकच वेग, वरून ऊन. चाळीसच्या वेगाला जो टायर माफ करायचा, तो १२० ला करत नाही.

१ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर खासगी बसला आग लागून २५ जण गेले. सुरुवातीला टायर फुटल्याचं सांगितलं गेलं. परिवहन विभागाच्या अहवालात मात्र टायर फुटल्याचा पुरावा सापडला नाही. ही आठवण इथे काढायचं कारण एवढंच, की 'टायर फुटला' हे आपल्याकडे सगळ्याचं उत्तर होऊन बसलंय, जणू ते नशिबातच होतं. टायर बहुतेक वेळा आधी सांगतो, आपण विचारत नाही. आणि टायर ठीक असला तरी डुलकी, दारू आणि वेग यांना कुठलाच सेन्सर पकडत नाही.

टायरच्या दुकानात विचारायचे पाच प्रश्न

१. चाक काढण्याआधी आणि बसवल्यानंतर सेन्सर टूलने वाचून दाखवता का? आधी चालू होता आणि नंतर बंद, तर मोडला कुठे हे आपोआप कळतं.

२. टायर उतरवताना सेन्सर कुठे आहे ते बघता का? मशीनचा दांडा व्हॉल्व्हजवळ घुसला की सेन्सरचा तुकडा पडतो.

३. व्हॉल्व्हची आतली पिन कुठली? धातूच्या सेन्सर-व्हॉल्व्हला निकेलचा मुलामा असलेली पिन लागते. साधी पितळी पिन पावसाळ्यात गंजून चिकटते.

४. पंक्चरचं लिक्विड सेन्सरला चालणारं आहे का? काही लिक्विडने सेन्सरचं भोक बुजतं.

५. स्टेपनीत सेन्सर आहे का? बऱ्याच गाड्यांत नसतो. स्टेपनी लावल्यावर बत्ती लागली तर घाबरू नका, पण मूळ चाक परत लावेपर्यंत हवा हाताने तपासत रहा.

'हाताने' म्हणजे गेजने. डिजिटल गेज पाचशे रुपयांच्या आसपास मिळतं, ग्लोव्ह बॉक्समध्ये मावतं, त्याला अपडेट लागत नाही आणि ते कुठल्याही गाडीला, कुठल्याही चाकाला चालतं. मोठ्या टूलची ऑफर उद्याही असेल. आधी हे घ्या. तुमच्या गाडीचा आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर छापलेला आहे. दर पंधरा दिवसांनी, सकाळी ऑफिसला निघण्याआधी, चार चाकं आणि स्टेपनी. पाच मिनिटांचं काम आहे, त्यात एक चहाही होतो.

हॅपी ड्रायव्हिंग!